नसलेल्या बाइटचं वाचन

एआरएम प्रोसेसरचा एखादा ताजा बोर्ड घ्या, त्यावर लिनक्स सुरू करा आणि पडद्यावरून भराभर सरकणाऱ्या ओळी जरा नेटाने वाचा. त्यांत सिरियल पोर्टची एक ओळ असते. तिच्यात पोर्टचा पत्ता असतो, इंटरप्टचा क्रमांक असतो, आणि बरेचदा शेवटी कर्नल सांगून टाकतो की हा पोर्ट म्हणजे ‘१६५५०ए’. आता १६५५०ए ही नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची १९८०च्या दशकातली चिप. चाळीस पायांची, बोटभर लांब. तुमच्या बोर्डावर ती नाही, भिंग लावून शोधलीत तरी मिळणार नाही. प्रोसेसरच्या सिलिकॉनचा एक नजरेला न दिसणारा कोपरा तिच्यासारखा वागतो, इतकंच. तिची रजिस्टरं, तिचे बिट, तिच्या खोडी, सगळं त्याने उचललंय. नक्कल इतकी चोख की कर्नल तिला खरी समजूनच पुढे जातो.

अशाच एका नकलेने २०१७ च्या सुमारास एक भलताच घोळ घातला होता. तो घोळ जेमतेम दहा-बारा ओळींनी मिटला. त्या ओळी जुन्या कर्नलमध्ये न्यायच्या झाल्या तर काय काय करावं लागतं, ते इथे सांगायचं आहे. या कामाला बॅकपोर्ट म्हणतात. लांबून ते कारकुनी वाटतं: नव्या फाइलीतून कापा, जुनीत चिकटवा. माझ्या मते प्रोग्रामिंगमधल्या सगळ्यात कमी कौतुक झालेल्या आणि सगळ्यात जास्त डोकं लागणाऱ्या कामांपैकी ते एक आहे.

आधी या नकलेचा वंश पाहू. एका तारेवरून एकेक बिट पाठवायचा आणि पलीकडे तो पुन्हा जुळवून अक्षर बनवायचं, हे काम करणाऱ्या मंडलाला यूआर्ट म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये गॉर्डन बेल यांनी १९६०च्या दशकात पीडीपी मालिकेच्या संगणकांसाठी त्याचा आराखडा बांधला. तेव्हा त्याला सुट्या भागांचा अख्खा जुडगा लागे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टर्न डिजिटलने ते सगळं एका चिपवर आणलं. होय, हार्ड डिस्कमुळे आपल्याला माहीत असलेली हीच ती कंपनी. मग नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० आली, ती १९८१ साली आयबीएमच्या पीसीत बसली आणि अमर झाली. तिच्यापाठोपाठ १६४५०, आणि मग १६ बाइटांची रांग पोटात असलेली १६५५०. या १६५५० च्या रांगेतच दोष निघाला, रांग वापरण्याजोगी नव्हती. दुरुस्त करून जी चिप आली तिच्या नावापुढे ‘ए’ लागला. आज जगभरातले बोर्ड सुरू होताना जे नाव छापतात, त्याचं शेवटचं अक्षर एका दुरुस्तीची खूण आहे!

लिनक्सच्या मूळ कोडमध्ये या सगळ्या घराण्याचं घर ‘८२५०’ याच नावाच्या फोल्डरात आहे. तिथल्या एका फाइलीत सिनॉप्सिस कंपनीच्या ‘डिझाइनवेअर’ यूआर्टचा ड्रायव्हर आहे. सिनॉप्सिस चिप विकत नाही, चिपचा आराखडा विकते. रॉकचिप, ऑलविनर, इंटेल अशा अनेकांनी तो आराखडा आपापल्या प्रोसेसरमध्ये बसवला. म्हणजे कुठल्या तरी कारखान्यात दर वर्षी १६५५०ए च्या नव्या पिढ्या जन्माला येतच आहेत, फक्त स्वतंत्र चिप म्हणून त्या दिसत नाहीत.

सिरियलच्या तारेवर घड्याळाची वेगळी तार नसते. पाठवणाऱ्याचं घड्याळ वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, आणि दोघांत करार एवढाच की वेग अमुक. रिकामी असताना तार एका पातळीवर स्थिर असते. अक्षर यायचं झालं की ती एकदम खाली जाते. तो प्रारंभाचा बिट. त्या उताराच्या क्षणापासून घेणारा मोजायला लागतो. जुन्या चिपांत एका बिटाच्या काळात १६ ठोके मोजले जातात आणि बिटाच्या मधोमध तार वाचली जाते, म्हणजे दोन्ही घड्याळं थोडी मागेपुढे असली तरी चालतं. आठ बिट झाले की एक थांब्याचा बिट, पुन्हा शांतता. पुढच्या अक्षराला मोजणी नव्याने. सेकंदाला १,१५,२०० बिट हा जो आकडा सगळीकडे दिसतो, तोही जुन्या पीसीतल्या १.८४३२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला १६ ने भागून आलेला आहे. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरं, दर अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद.

वजनकाट्याचा डिजिटल दर्शक, सीएनसी यंत्र, राउटरचा कन्सोल, या सगळ्यांना आजही ही तार पुरते. कर्नल लिहिणाऱ्यांना तर ती प्राणप्रिय आहे. कर्नल कोसळतो तेव्हा पडदा, नेटवर्क, डिस्क कशाचाच भरवसा नसतो. सिरियल पोर्टच्या एका रजिस्टरमध्ये बाइट टाकला की तो तारेवर जातो, मधे फारसं काही लागत नाही. म्हणून मरता मरता कर्नल जे सांगतो ते इथेच सांगतो.

आता रांगेकडे या. ८२५० मध्ये रांग नव्हती. एक अक्षर आलं की पुढचं यायच्या आत प्रोसेसरने ते उचलायचं, नाहीतर गेलं. दर अक्षराला इंटरप्ट, म्हणजे दारावरची बेल. प्रोसेसरने हातातलं काम टाकून दार उघडायचं. १६५५०ए ने सोळा जणांची रांग दिली आणि बेल कधी वाजवायची ते ठरवण्याची सोय दिली: एक, चार, आठ किंवा चौदा जण जमले की. पण आठांवर बेल ठेवली आणि तीनच अक्षरं येऊन थांबली, तर ती तिष्ठत बसणार. यावर उपाय म्हणून चिपमध्ये एक वेगळी बेल आहे. रांगेत निदान एक अक्षर आहे आणि चार अक्षरांच्या वेळात नवं कुणी आलं नाही, की कुणी उचललंही नाही, तर ती वाजते. हिला टाइमआउट इंटरप्ट म्हणतात. ती बंद करायची तर रांगेतलं अक्षर उचलायचं. वेगळं बटण नाही. अक्षर उचललं की बेल आपोआप थांबते, कारण ज्याच्यासाठी ती वाजत होती तो आत आला.

रचना सुंदर आहे. तिच्यात एकच गृहीतक दडलंय: बेल वाजते आहे म्हणजे दारात कुणीतरी असणारच.

रॉकचिपचा आरके३३९९ हा सहा कोरांचा प्रोसेसर, त्या काळच्या काही क्रोमबुकांत होता. क्रोमियम प्रकल्पावर काम करणारे अभियंते त्याचा एक बोर्ड पुनःपुन्हा झोपवून उठवत होते. सस्पेंड, रिझ्यूम, सस्पेंड, रिझ्यूम. अशा चाचणीत मधूनच बोर्ड उठला की कन्सोलवर एकच तक्रार धो धो पडायला लागे: या इंटरप्टसाठी फार काम होतंय. मग एक कोर तिथेच अडकून पडे आणि अडकलेल्या कोरावर नजर ठेवणारी कर्नलची यंत्रणा बोंब मारी.

अडकलेल्या अवस्थेत दोन रजिस्टरं छापून पाहिली. एक सांगतं इंटरप्ट कशासाठी आला, दुसरं सांगतं तारेची सध्याची स्थिती काय. पहिल्यात हेक्साडेसिमलमध्ये ‘सीसी’ होतं, दुसऱ्यात ‘६०’. या दोन आकड्यांत सगळी गोष्ट आहे, म्हणून ते उलगडून पाहण्यासारखे आहेत. सीसी म्हणजे ११००११००. डावीकडचे दोन एक म्हणतात, रांग चालू आहे. अगदी उजवीकडचं शून्य म्हणतं, इंटरप्ट प्रलंबित आहे (हो, इथे शून्याचा अर्थ ‘आहे’ असा होतो). आणि त्याच्या डावीकडचे ११० म्हणतात, कारण टाइमआउट. आता दुसरा: ६० म्हणजे ०११०००००. दोन एक सांगतात की पाठवायचं सगळं पाठवून झालंय. आणि अगदी उजवीकडचा बिट, जो ‘वाचायला अक्षर आहे’ असं सांगतो, तो शून्य.

बेल वाजते आहे आणि दारात कुणीच नाही.

ड्रायव्हर यावर काय करत होता? त्याच्या दृष्टीने चोख काम. इंटरप्ट आला, स्थिती पाहिली, अक्षर नाही, म्हणजे उचलायचं काही नाही, पाठवायचंही काही नाही. इंटरप्ट हाताळला, असं सांगून तो परत गेला. बेल वाजतच राहिली, कारण ती बंद होण्याचा एकच मार्ग होता, अक्षर उचलणं, आणि अक्षर नव्हतं. ड्रायव्हर पुन्हा आला, पुन्हा पाहिलं, पुन्हा गेला. चिप या अवस्थेत नेमकी कशी पोचली हे दुरुस्ती लिहिणाऱ्यालाही कळलं नव्हतं आणि त्याने तसं लिहूनही ठेवलं. अंदाज असा की झोपेत तारेला वीज नसते, तिला कुणी कुठल्याच पातळीवर धरून ठेवलेलं नसतं. जाग येताना तारेवर अर्धवट, कचऱ्यासारखे बिट दिसले असावेत आणि चिपचा हिशेब चुकला असावा.

उपाय ऐकून पहिल्यांदा हसू येतं. टाइमआउटची बेल वाजत असेल आणि अक्षर नसेल, तर नसलेलं अक्षर वाचायचं. रजिस्टरमधून जे काही येईल ते घ्यायचं आणि फेकून द्यायचं. बेल थांबते.

यात जादू नाही. आपण सवयीने समजतो की वाचल्याने काही बदलत नाही. मेमरीतला आकडा शंभरदा वाचला तरी तोच राहतो. उपकरणांच्या रजिस्टरांत असं नसतं. तिथे वाचन ही कृती असते. अक्षराचं रजिस्टर वाचलं की रांग एकाने पुढे सरकते आणि टाइमआउट मिटतो. स्थितीचं रजिस्टर वाचलं की त्यातल्या चुकांच्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून ड्रायव्हरला त्या वेगळ्या जपून ठेवाव्या लागतात. इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं आणि कारण ‘पाठवायची जागा रिकामी झाली’ हे असेल, तर तो इंटरप्ट त्या वाचनानेच विझतो. थोडक्यात, इथे सहज डोकावून पाहता येत नाही. पाहिलं की हात लागला. ही गोष्ट पुढे बॅकपोर्टवाल्याच्या मानगुटीवर बसते.

दुरुस्तीच्या कोडात वर चार ओळींहून मोठी टीप आहे आणि खाली काम. टीप लांब असणं साहजिक आहे, कारण कोड वाचणाऱ्याला तो मूर्खपणा वाटून त्याने तो पुसू नये. डीएमए (म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता अक्षरं थेट मेमरीत नेण्याची सोय) वापरात नसेल, इंटरप्टचं कारण टाइमआउट असेल, तर पोर्टचं लॉक घ्या, स्थिती वाचा, अक्षर नसेल आणि ब्रेकही (तार बराच वेळ खाली धरून दिलेली खूण) नसेल तर एक बाइट वाचून टाकून द्या, लॉक सोडा. मग नेहमीच्या हाताळणीकडे जा. चोखंदळ वाचकाला इथे एक फट दिसेल: स्थिती वाचली तेव्हा अक्षर नव्हतं, पण पुढच्या क्षणी खरंच एक आलं तर? ते फुकट जाईल. कागदावर ही फट आहे. पण अक्षर यायला ८७ मायक्रोसेकंद लागतात, दोन वाचनांमधलं अंतर त्यापुढे नगण्य, आणि ही वाट फक्त बिघडलेल्या अवस्थेत घेतली जाते. एका अक्षराची जोखीम विरुद्ध गोठलेलं यंत्र. निवड अवघड नाही.

इथवर गोष्ट नव्या कर्नलची. पण यंत्रं नव्या कर्नलवर चालत नाहीत, ती ज्या कर्नलवर जन्मली त्यावर चालतात. आरके३३९९ साठी रॉकचिपने दिलेला कर्नल ४.४ होता, आणि ४.४ हा २०१६ च्या जानेवारीतला. कंपनी त्यावर आपले शेकडो बदल चढवते, चाचण्या करते, आणि मग त्या खांबाला धरून बसते. दरवेळी नवा कर्नल घ्या हा सल्ला बरोबर आहे, फक्त तो देणाऱ्याने कधी असं उत्पादन बाजारात आणलेलं नसतं.

प्रसिद्ध झालेल्या कर्नलमध्ये दुरुस्त्या नेण्याची वाट मात्र आधीपासून होती: २००५ च्या मार्चमध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ‘स्टेबल’ ही शाखा सुरू केली. तिचं पहिलं अपत्य २.६.११.१. नियम थोडे आणि कडक: दुरुस्ती आधी लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत गेलेली हवी, ती उघड बरोबर आणि तपासलेली हवी, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठी नको, आणि खऱ्या माणसांना त्रास देणारा खरा दोष तिने मिटवला पाहिजे. पहिल्या नियमामागचं कारण मला फार आवडतं. दुरुस्ती फक्त जुन्यात गेली आणि नव्यात राहिली, तर नवा कर्नल घेणाऱ्याच्या पदरी जुनाच दोष पुन्हा येईल. पाणी नेहमी वरून खाली.

हे पाणी किती वाहिलं? कर्नलचा आवृत्ती क्रमांक एका आकड्यात बांधून ठेवतात, त्यात शेवटच्या भागाला आठ बिट. आठ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २५५. २०२१ च्या फेब्रुवारीत ४.४ आणि ४.९ या दोन्ही जुन्या शाखा २५५ व्या आवृत्तीवर येऊन ठेपल्या. ४.९.२५६ तसाच काढला असता तर तो कप्प्यातून सांडून यंत्राला ४.१०.० वाटला असता. इतके बॅकपोर्ट होतील, हे तो कप्पा आखणाऱ्याच्या स्वप्नातही नसावं! शेवटी बांधलेला आकडा २५५ वरच गोठवला आणि खरा क्रमांक पुढे जाऊ दिला. ४.४ शाखा ३०२ वर थांबली, ४.९ तर ३३७ वर.

आता प्रत्यक्ष काम. गिट या साधनात चेरी-पिक नावाची आज्ञा आहे: त्या शाखेवरचा हा एक बदल उचल आणि इथे लाव. गिटला सिरियल, इंटरप्ट काही कळत नाही. त्याला कळतो तो मजकूर. बदललेल्या ओळींच्या वरखालच्या ओळी त्याला माहीत असतात, त्या जुन्या फाइलीत सापडल्या की तो बदल तिथे बसवतो. सापडल्या नाहीत तर हात वर करतो आणि फाइलीत दोन्ही बाजू मांडून ठेवतो, तुम्हीच ठरवा म्हणून. जुन्या कर्नलमध्ये तर फाइलच दुसरीकडे असू शकते. सिरियल ड्रायव्हरांचं फोल्डर २०११ मध्ये हललं, ८२५० घराण्याला स्वतःचं फोल्डर २०१२ मध्ये मिळालं, त्यातली मोठी फाइल पुढे तुकडे होऊन विखुरली.

फाइल सापडली, तरी आत जग वेगळं असतं. आपल्या दुरुस्तीत ‘डीएमए वापरात नसेल तर’ ही अट आहे. ८२५० ड्रायव्हरला डीएमएची सोय २०१३ मध्ये आली. त्याआधीच्या कर्नलमध्ये ती अट लिहिली तर कंपायलर अडवतो, कारण तसं काही नाहीच. तिथे अट गाळायची, आणि ती गाळणं बरोबरच आहे: डीएमए नाही म्हणजे अट कायम खरी. उलट दिशेचं उदाहरण: ६.७ या आवृत्तीपासून पोर्टचं लॉक घेण्यासाठी वेगळी फंक्शनं आली आणि सगळे सिरियल ड्रायव्हर त्यांच्याकडे वळले. ६.१० मध्ये पाठवायच्या अक्षरांचा साठा वेगळ्या रचनेत गेला. त्यानंतर लिहिलेली कुठलीही सिरियल दुरुस्ती मागे न्यायची तर या नव्या नावांचं जुन्या नावांत रूपांतर करा, किंवा ती फंक्शनंच आधी मागे न्या. स्टेबलवाल्यांचा कल दुसऱ्या वाटेकडे असतो. शाखा जितक्या सारख्या, तितकी पुढची दुरुस्ती सोपी. एकट्या उत्पादनाचा कर्नल सांभाळणाऱ्याने मात्र पहिली वाट धरली तर मी त्याला दोष देणार नाही.

कंपायलर ओरडतो तिथपर्यंत सगळं ठीक आहे. खरी भीती त्या बॅकपोर्टची, जो सुरळीत लागतो. आपल्याच दुरुस्तीत बघा. इंटरप्ट हाताळणाऱ्या त्या फंक्शनात आधी कारणाचं रजिस्टर वाचलं जातं, मग नेहमीची हाताळणी बोलावली जाते, आणि तिने ‘हाताळलं’ म्हटलं की फंक्शन तिथूनच परत फिरतं. दुरुस्ती या दोहोंच्या मधे बसली पाहिजे. ती चार ओळी खाली बसली, तर कोड कंपाइल होतो, एकही इशारा येत नाही, यंत्र सुरू होतं, आणि दुरुस्ती कधीच चालत नाही. कारण टाइमआउट आला की नेहमीची हाताळणी आधीच ‘हाताळलं’ म्हणून निघून गेलेली असते. हाच तर मूळ दोष होता.

मग कुणाला सुचेल की कारणाचं रजिस्टर पुन्हा एकदा वाचून दुरुस्ती भलतीकडे बसवू. तर वर म्हटलं ते आठवा: वाचन ही कृती आहे. दुसऱ्यांदा वाचताना ‘पाठवायची जागा रिकामी झाली’ हा इंटरप्ट तिथेच गिळला जाऊ शकतो, आणि मग पाठवणं कधीतरी, अकारण, अडकेल. एक दोष मिटवून दुसरा, अधिक लबाड दोष पेरला. लॉकचंही तसंच. नेहमीची हाताळणी स्वतः लॉक घेते. दुरुस्तीने लॉक घेऊन ते सोडायच्या आत तिला बोलावलं, तर तो कोर स्वतःचीच वाट पाहत कायमचा उभा राहील. ओळींचा क्रम तोच आणि शब्द तेच असले तरी अर्थ आजूबाजूच्या कोडावर ठरतो.

शेजारच्या टीटीवाय थरातली (टर्मिनल सांभाळणाऱ्या भागातली) एक गाजलेली दुरुस्ती याच जातीची आहे. २००९ च्या एका बदलाने तिथे एक शर्यत शिरली: प्रोग्रामचं लिहिणं आणि टाइप केलेल्या अक्षरांचा प्रतिध्वनी, दोघंही एकाच वेळी एकाच बफरमध्ये घुसू शकत होते. दोघंही आधी विचारत जागा आहे का, दोघांनाही हो मिळे, दोघंही भरत, बफर ओसंडून शेजारची मेमरी बिघडे. साध्या वापरकर्त्याला त्यातून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, ती पकडली गेली. उपाय: लिहिण्याच्या एका ओळीच्या आधी लॉक घ्या, नंतर सोडा. बस्स. पण ते लॉक ज्या रचनेत राहत होतं ती मधल्या काळात बदलली होती. नव्या कर्नलमध्ये ते एका वेगळ्या, आतल्या रचनेत गेलं होतं, जुन्यात थेट टीटीवायच्या मुख्य रचनेत होतं. मागे नेणाऱ्याने फक्त लॉकचा पत्ता बदलला. काम मिनिटाचं. पण ते तेच लॉक आहे, तीच वाट अडवतं, याची खात्री करायला अख्खी फाइल दोन्ही काळांत वाचावी लागते.

दुरुस्तीच्या पुढचंही वाचावं लागतं. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या के३ घराण्यातल्या प्रोसेसरांना हाच आजार निघाला: रांग रिकामी, तरी टाइमआउट. २०२१ मध्ये त्यांच्या ड्रायव्हरलाही नसलेला बाइट वाचायला शिकवलं. पुढे ही पद्धत बदलून चिपच्या अधिकृत दोषयादीत सांगितलेला वेगळा उपाय बसवावा लागला. २०२१ चीच दुरुस्ती मागे नेऊन थांबलेल्या माणसाच्या हाती अर्धाच इलाज असतो. सुदैवाने कर्नलमध्ये शिस्त आहे: एखादा बदल जुन्या बदलाची चूक सुधारत असेल, तर त्याच्या नोंदीत ‘फिक्सेस’ अशी ओळ आणि त्या जुन्या बदलाच्या खुणेची पहिली बारा अक्षरं असतात. त्या खुणेने पुढचा सगळा इतिहास चाळला की दुरुस्तीची दुरुस्ती सापडते.

आणि चाचणी. हा दोष मागवून येत नाही. यंत्र रात्रभर झोपवा-उठवा, नाही आला तर काय सिद्ध झालं? काहीच नाही. त्यापेक्षा दुरुस्तीच्या आत तात्पुरता एक मोजणीचा आकडा ठेवावा आणि तो वाढतो का ते पाहावं. वाढला, आणि यंत्र चालू राहिलं, तर दुरुस्ती खरोखर धावली. शिवाय दुसऱ्या यंत्रावरून सलग मजकूर सोडून आलेली अक्षरं मोजावीत. ८२५० चा ड्रायव्हर प्रॉक फोल्डरात आलेल्या, गेलेल्या आणि सांडलेल्या अक्षरांचे आकडे ठेवतो, ते फुकट मिळतात आणि कुणी बघत नाही.

कारखाने, रेल्वे, वीजकेंद्रं यांच्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. त्याने ४.४ हाच कर्नल निवडला आणि मूळ शाखा बंद पडल्यावरही तो २०२७ च्या जानेवारीपर्यंत सांभाळायचं ठरवलं. अकरा वर्षं. एवढ्या काळात दुरुस्ती लिहिणारा आणि ती मागे नेणारा एकमेकांना भेटलेले नसतात, पुष्कळदा मूळ लेखक ते काम सोडूनही गेलेला असतो. त्यांच्यात बोलणं होतं ते बदलाच्या नोंदीतून. म्हणूनच जुन्या शाखा सांभाळणारे नोंदीच्या तळाशी चौकटी कंसात, आपल्या आद्याक्षरांसह, मूळपेक्षा काय वेगळं केलं ते लिहितात.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात किंवा आणखी कुठे एखाद्या उत्पादनाचा जुना कर्नल सांभाळत बसलेल्यांना म्हणूनच एवढंच सांगणं: चेरी-पिक सुरळीत लागलं तरी फंक्शन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकदा वाचा, आणि कंसातली ती ओळ लिहिल्याशिवाय बदल पुढे पाठवू नका.